फोटोपुरती दिलेली शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. आधीच सांगून ठेवते, मी स्वभावानं खुनशी आहे. माझ्या इतर बहिणी पायाखाली निमूट चालतात. मीही चालले असते, पण मला चालूच दिलं नाही.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यात झाला. महाडचे कापडवाले अजमलशेठ यांनी मला मुद्दाम फौजी हिरव्या रंगात मागवलं. त्यांचा बालमित्र सीमेवर गेला तो परत आला नव्हता. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी मला जवान परिवार आधार मंडळाकडे दिलं आणि बजावलं, "फौजीच्या घरी द्या हिला. तिथंच राहू दे."

मंडळ तसं चांगलं होतं. निवृत्त फौजी तिथं येत, जवानांच्या बायकांची सरकारी कामं करून देत, त्यांच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेत. पण अध्यक्ष देवव्रतराव यांना हारांची आणि कॅमेऱ्याची भारी हौस.

त्यांनी समारंभ करून, फोटो काढून मला पोलादपूरजवळच्या एका वाडीतल्या कालिंदीला दिलं. तिचा नवरा रामा लडाखला होता आणि सासूला जवळजवळ दिसत नव्हतं. घरी बसून शिवणकाम केलं तर सासूला एकटं सोडावं लागणार नव्हतं. त्या रात्री कालिंदीनं मला पदरानं पुसलं, शाळेच्या गणवेशाचा एक सदरा शिवला आणि सासूच्या हातात दिला. सासूनं बोटांनी टीप चाचपली आणि ती हसली. मला वाटलं, आपलं घर मिळालं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. "सर्व्हिसिंग राहिलंय," असं सांगून माणसांनी मला उचललं आणि थेट देवव्रतरावांच्या घरी नेऊन ठेवलं.

पुढच्या समारंभात मला आणखी एका जवानाच्या बायकोला दिलं, नवा फोटो काढला आणि पुन्हा टेम्पोत घातलं. मधल्या काळात अध्यक्षांच्या पत्नी माझ्यावर साड्यांना फॉल लावत.

एके दिवशी दारात कालिंदीचा आवाज आला.

"साहेब, माझी मशीन द्या. एमआयडीसीत पॅकिंगला जाते मी. सासूला आत ठेवून बाहेरनं कडी लावून जावं लागतंय. काल पाण्याला उठली नि पडली. हात मोडलाय तिचा."

"अगं, अजून सर्व्हिसिंग चालू आहे. आली की कळवतो," देवव्रतराव म्हणाले.

आणि आतल्या खोलीत मी होते! माझ्या सुईखाली जरीची साडी होती. रागानं मी लागलीच सुई मोडून घेतली. पण एवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. मी मनात ठरवलं, या माणसाला चारचौघांत धडा शिकवायचा.

संधी त्यांनीच आणून दिली. कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम होता आणि पोट सुटल्यामुळे त्यांची पांढरी पँट कमरेत बसेना. पत्नीनं मागची शिवण उसवून ती माझ्यावर ढिली करून घेतली. मी वरची टीप सुरेख घातली, पण खालचा दोरा सैल सोडला. इतक्या आनंदानं मी आजवर काही शिवलं नव्हतं.

सभागृहात जवानांच्या घरची माणसं बसली होती. मला झेंडूचा हार घातला होता. या वेळी मी तुडीलच्या नौशीनला मिळणार होते, तिचा नवराही फौजेत होता. देवव्रतराव माझ्यापुढे नारळ वाढवायला वाकले आणि चर्रकन आवाज झाला.

सभागृह हसून लोटपोट झालं. देवव्रतराव मागे सरकत सरकत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी तर मनातल्या मनात नाचत होते.

तेवढ्यात कालिंदी उठली. "ही माझी मशीन हाय! हिरवी मशीन महाडात दुसरी कुठं हाय, दाखवा!"

फोटोसाठी माझ्याशेजारी उभ्या असलेल्या नौशीननं माझ्यावरचा हात काढला. "तुझी हाय? मग मला कशी काय देतात?"

"थांबा, मी समजावून सांगतो," देवव्रतराव म्हणाले, पण भिंत सोडून पुढे येण्याची सोय नव्हती.

"तुमी तिथंच ऱ्हावा," नौशीन म्हणाली. "कालिंदी, तिकडनं उचल गो."

दोघींनी मला सगळ्यांदेखत व्यासपीठावरून खाली उतरवलं. कुणीही अडवलं नाही. मंडळातल्या जुन्या फौजींनी नवा अध्यक्ष निवडला आणि नौशीनच्या घरी नवी मशीन पोहोचवली. ती डोक्यावरून दारापर्यंत नेण्याचं काम त्यांनी देवव्रतरावांनाच दिलं!

मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल द्या, धूळ पुसा. आणि मदत म्हणून दिलेली वस्तू परत न्यायला कुणाच्या दारात जाऊ नका. कालिंदी आता घरीच असते, दाराला कडी लागत नाही. सासू माझ्याशेजारी बसून दोरे गुंडाळते. पण तिचा मोडलेला हात वाकडाच जुळला आहे. तो दिसला की मला वाटतं, एकच शिवण उसवली, हे फार थोडं झालं.