दोरीचं माप

सकाळी पेज पिऊन होताच रुतेंदोनं आपल्या लेकीला, शुवाईला, अंगणात उभं केलं आणि तिच्या पावलाला दोरी लावली. टाचेशी एक गाठ, अंगठ्याशी दुसरी. गोऱ्यांच्या राज्यात ग्वेलो शहरातल्या बुटांच्या दुकानात काळ्या माणसाला पुढच्या दारानं मज्जाव होता. मागच्या गल्लीतल्या खिडकीत दोरी द्यायची आणि आतून येईल तो जोड मुकाट्यानं घ्यायचा. पायात घालून बघायचा नाही. काळ्या पायाचा म्हणे बुटाला विटाळ होतो! काळ्या बायकांच्या हातचा स्वयंपाक मात्र गोऱ्यांच्या घरात रोज मिटक्या मारत खाल्ला जाई, तेव्हा विटाळ कुठे जायचा कोण जाणे.

"आई, दोरीला रुंदी कशी कळणार? स्वतःचे पाय बघ की जरा."

रुतेंदोची बोटं एकमेकांवर चढली होती. जन्मभर खिडकीतले बूट घातलेले.

"गप गं! दुपारच्या बसनं इस्पितळात पोचायचंय तुला. काळे बूट नसले तर नर्सिंग शिकायला उभं करणार नाहीत. आजच्या दिवस तोंड आवर."

शुवाईनं तोंड आवरलं. पण शहरात दुकानामागची गल्ली येताच ती आईला सोडून वळली आणि सरळ पुढच्या दारानं दुकानात शिरली.

रुतेंदो तिच्यामागं दुकानाच्या काचेपर्यंत धावली. काचेतून सगळं दिसत होतं. पोर खुर्चीवर बसली, मांडणीवरचा काळा बूट घेऊन तिनं पाय आत सरकवला. दुकानाची गोरी मालकीण मिसेस क्रॉफ्ट धावत आली.

"ऊठ! खिडकी मागे आहे, दिसत नाही?"

"दिसते, मॅडम. पण खिडकीतून पाय जात नाही."

"जास्त बोलतेस? पोलिसांनाच बोलावते, थांब!"

अटक झाली की नर्सिंग संपलं. पोरीला ओढून बाहेर काढावं, मॅडमचे पाय धरावेत, एवढ्याचसाठी रुतेंदोनं दार ढकललं. सारा जन्म या शहरात गेला, पण त्या दाराला तिचा हात आज पहिल्यांदा लागला.

"ही तुझी का? ने हिला! आणि हा बूट आता घेईल कोण?"

"चुकलं मॅडम, पोर आहे..." म्हणत रुतेंदो बूट काढायला खाली बसली. सवयीनं तिनं दोरी बुटाला लावली. गाठी तंतोतंत जुळल्या. मग तिनं अंगठ्यानं बूट वरून दाबून पाहिला. आत लेकीची करंगळी दुमडून बसली होती, अगदी तिच्या स्वतःच्या करंगळीसारखी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला असा राग आला, जसा आयुष्यात कधी आला नव्हता.

"दुखतंय?"

"हो, आई."

मिसेस क्रॉफ्टनं फोन उचलला होता. "पोलीस येतायत! ऐकलंस ना?"

"येऊ देत," रुतेंदो म्हणाली. दोरी तिनं जमिनीवर टाकली. "तोवर याच्याहून रुंद जोड दाखवा. हा पोरीला आवळतोय."