काडतुसाच्या साच्याचं म्हणणं

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला मी मोडक्या लाटण्याचा तुकडा वाटेन. पण मी कधी पोळी पाहिली नाही. बोरीच्या लाकडाचा, वीतभर लांब, एका टोकाला निमुळता असा मी एक साचा आहे. माझ्या अंगावर कागद गुंडाळून पिस्तुलाची काडतुसं वळत असत.

मला घडवलं ते शिरूरच्या नबीलाल आतषबाजाच्या बापानं. लग्नकार्यात शोभेची दारू उडवणारं हे घराणं. वर्षातून एकदा मात्र त्यांना वेगळं काम असे. न्हावऱ्याच्या तात्याबांच्या घरी आजोबांच्या वेळचं ठासणीचं पिस्तूल होतं. त्याच्या फिरकीला काडतुसं ठासायची सहा घरं होती. दसऱ्याला गावच्या शिवेवर त्याचे सहा बार काढायचे, असा त्या घरचा रिवाज. तात्याबांचा हात थरथरू लागल्यापासून बारही नबीलालच काढी.

दारू नबीलाल कुटायचा, पण काडतुसं वळायची त्याची बायको सुगराबी. पतंगाचा पातळ कागद ती सोऱ्याच्या, म्हणजे दारूत घालतात त्या खाराच्या, पाण्यात बुडवून सावलीत वाळवी. मग माझ्याभोवती त्याचा वेढा, कडेला खळीचं बोट, निमुळत्या टोकाला पीळ, आणि मला हलकेच मागं ओढून घेई. त्या पोकळीत एक पितळी टोपण भरून दारू, आणि तोंडावर शिशाची गोळी चिकटवली की काडतूस झालं. टोपण भरल्यावर ती वरून बोट फिरवून घेई. कणभर जास्त जाऊ देत नसे.

"कागद पुरता जळाया पायजे," ती म्हणे. "तुकडा निखाऱ्यावानी मागं ऱ्हायला, तर पुढचं काडतूस भरणाऱ्याचा हात जाईल."

बारा वर्षांत तिचं एकही काडतूस फुसकं निघालं नाही. लोक म्हणत, तात्याबांचं पिस्तूल लई इमानी.

काडतूस घरात ठासलं की त्याच्या तोंडावर बकऱ्याची चरबी आणि मेण यांचा लेप द्यावा लागतो. लेप नसेल तर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरते आणि ज्याची पाळी नाही तेही उडतं. हा लेपही सुगराबीच करून देई. नबीलाल शिवेवर जाऊन पिस्तूल भरी, लेप लावी. तात्याबांच्या घरच्यांनी तो लेप कधी पाहिला नव्हता.

एकोणीसशे सत्तावन्न साली दौंडहून तात्याबांचे व्याही येणार होते. म्हणून पिस्तूल सकाळीच भरून पूजेत मांडायचं ठरलं. तात्याबांची बायको कस्तुराबाई हळदकुंकू वाहायला वाकली आणि थबकली.

"हे काय फासलंय रं, नबीलाल?"

"चरबी आन् मेण, काकी. दरसाल लावतो."

"अगं बाई! देवापुढं चरबी? आन् दसऱ्याला?"

तिनं फडक्यानं सहाही घरं पुसून काढली आणि घरचं कढवलेलं तूप बोटानं भरलं. सुगराबी पायरीशी उभी होती. ती म्हणाली, "काकी, उन्हात तूप पातळ हुतंय. लेप लावू द्या, न्हाईतर एकाबरूबर दुसरं उडंल."

"तुपाचं तू मला शिकवतीस व्हय? म्हशी माझ्या दावणीला हायत का तुझ्या?"

बायका हसल्या. तात्याबा म्हणाले, "नबीलाल, तुझ्या बायकूची जीभच ठास पिस्तुलात. बार लांब ऐकू जाईल."

नबीलालही हसला. दारू कुटायचं त्याचं छप्पर तात्याबांच्या शिरूरच्या जागेत होतं.

दुपारी चार वाजता सगळे शिवेवर जमले. नबीलालच्या कमरेच्या पिशवीत मी होतो आणि माझ्याशेजारी लेपाचा गोळा होता. लोखंड तापलं होतं. तूप ओघळून नबीलालच्या मनगटावर आलं होतं. त्याचा हात पिशवीत आला, बोटं गोळ्याला लागली. मला वाटलं, आता हा लावतो.

"काय चाचपतोस?" तात्याबा ओरडले. "पाव्हणं उन्हात उभं हायत!"

हात तसाच बाहेर गेला.

पहिल्याच चापाला तीन घरं एकदम पेटली. पिस्तुलाला आधार दिलेल्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दौंडच्या दवाखान्यात माझी पिशवी खाटेला अडकवली होती. तिसऱ्या दिवशी तात्याबा आले. "दवाखान्याचं मी बघतो," ते हळूच म्हणाले. "छपराचीबी काळजी करू नगंस. फकस्त तुपाचं नाव काढू नगंस. बाईमाणसाचं हसं व्हईल."

थोड्या वेळानं पोलीस जमादार जबाब लिहायला बसला. नबीलाल छताकडं बघून बोलला, "काडतुसात दारू जास्त पडली आसंल. बायकू भरती."

सुगराबी भाकरीचं गाठोडं घेऊन खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली.

ते बोलणं पाटसपर्यंत पोचलं. आतषबाजाच्या बायकोच्या हाताला माप नाही, असं लोक म्हणू लागले. लग्नाची कामं बंद झाली. सुगराबी दुसऱ्यांचे कांदे काढायला जाऊ लागली. रोज सकाळी ती नवऱ्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून देई. तुपाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिलो.

नऊ वर्षांनी मिशनच्या शाळेतले शमुवेल गुरुजी जुन्या वस्तू गोळा करत घरी आले. नबीलालनं मला काढून दिलं. गुरुजींनी तिथंच चिठ्ठी लिहिली आणि मोठ्यानं वाचली : "काडतुसाचा साचा. काडतुसं करणारा, नबीलाल आतषबाज."

नबीलालनं पेटीचं झाकण लावलं. सुगराबी चुलीपुढून म्हणाली, "गुरुजी, एका साली दारू जास्त पडली हुती, तेबी लिवा. ते माझ्या नावावर."

गुरुजींना वाटलं, म्हातारी थट्टा करते. ते हसले आणि मला घेऊन गेले.

मित्रांनो, आता मी तुमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा माझ्यावरची धूळ पुसली जाते. वस्तू जपाव्यात, असं गुरुजी तुम्हाला सांगतात. जपा. पण मला चार दिवस धूळ बसली तरी माझं काही बिघडत नाही. माझ्यापुढच्या चिठ्ठीवर खोटं लिहिलं आहे, ते आधी खोडा. तिथं सुगराबीचं नाव घाला. ती अजून कांद्याच्या वावरात जाते. तिला गाठून वाचून दाखवा, आणि सांगा की दारू मापातच होती.