नजरेत न भरणारी गाडी

आयसिल्डाने गाडीच्या टपावरून बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं आणि मान हलवली.

"ही चकाकते."

"धुतलीय ना बाई," मिस्टर बैन्स म्हणाले. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिकच्या त्या आवारात जुन्या गाड्या विकता विकता त्यांची दाढी पांढरी झाली होती. "विकायची गाडी धुवायची नाही, तर काय करायचं?"

"याहून कळकट नाही का एखादी?"

"तीस वर्षं धंदा करतोय. वाईट गाडी मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय." आता तुम्हीच समजवा, अशा चेहऱ्याने बैन्सनी तिच्या नवऱ्याकडे, एग्बर्टकडे पाहिलं.

पण एग्बर्ट फेसीचं लक्ष इकडे नव्हतंच. आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक लांबलचक गाडी उभी होती, बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी. आत सीटांवर मधाच्या रंगाचं कातडं. तो तिच्या खिडकीला कपाळ टेकवून उभा होता आणि काचेवर त्याच्या श्वासाचा डाग पडला होता.

एकोणिसाव्या वर्षी जमैकातलं गिनेप हिल सोडलं, तेव्हा एग्बर्ट पुठ्ठ्याची बॅग डोक्यावर घेऊन टेकडी उतरला होता, पायी. पुढे निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं त्याने बर्मिंगहॅममध्ये बस चालवली. दुसऱ्यांना दारात पोचवायचं आणि आपण रात्री चालत घरी यायचं. परत जाईन तेव्हा तीच टेकडी स्वतःच्या गाडीतून चढेन, अशी गाडी की लोकांनी हातातली कामं टाकून अंगणात यावं, हे त्याने आयसिल्डाला लग्नाआधी सांगितलं होतं. पुढे हजारदा सांगितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ती कधी कंटाळली नाही. तिलाही त्या गाडीत त्याच्या शेजारी बसायचं होतं.

पण मधे बर्नीसचं ते झालं.

बर्नीस आणि तिचा नवरा त्यांच्याच चर्चमधले. ते यांच्या दोन वर्षं आधी जमैकाला परत गेले. बर्नीसचं जहाजाने पाठवायच्या सामानाचं पिंप भरायला आयसिल्डाच गेली होती; चादरी, साबण, चहाचे डबे दाबून दाबून बसवताना दोघी पोट धरून हसल्या होत्या. नवऱ्याने वाइनच्या रंगाची मोठी जर्मन गाडी नेली. तिकडच्या बंदरातून गाडी सुटली आणि अकराव्या दिवशी ती दोघं आपल्याच स्वयंपाकघरात खून होऊन पडलेली सापडली. गाडी नंतर शेजारच्या परगण्यात उसाच्या मळ्यात मिळाली. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता.

चर्चमध्ये त्यांच्यासाठी गाणी म्हटली, तेव्हा आयसिल्डा गाण्यांचं पुस्तक मिटून बसली होती. तिला आईच्या मातीत मरायचं होतं, पण तसं नाही.

म्हणून तिने जमैकात मँडेव्हिलला राहणाऱ्या भाच्याला फोन लावला होता. लेनवर्थ हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता आणि बोलायला मोजूनमापून.

"आंटी, इंग्लंडहून आलेलं माणूस इथं गाडीवरून कळतं," तो म्हणाला. "इथं दर दुसरी गाडी पांढरी वॅगन. टॅक्सीवाले तीच वापरतात, मास्तर तीच वापरतात, पाद्रीही तीच. तीच आणा. बाजारात उभी केलीत तर तुमची तुम्हाला सापडायची नाही."

"आणि घर?"

"गिनेप हिलला नको. तिथं सगळे अंकलना ओळखतात. मी दुसरीकडे बघतो. विचारलं कुणी तर किंग्स्टनहून आलो म्हणायचं. आणि अंकलना सांगा, तोंडाला कुलूप."

"तेच तर अवघड आहे," आयसिल्डा म्हणाली होती.

बैन्सच्या आवारात शेवटी एक पांढरी वॅगन निघाली. फार जुनी गाडी तिकडच्या बंदरावर उतरू देत नाहीत, त्यामुळे ही तशी बऱ्या वयाची होती. एग्बर्टने कागदांवर सही केली. निघताना बैन्स हिरव्या गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाले, "एक चक्कर तरी मारून बघा, मिस्टर फेसी. चक्कर फुकट आहे."

"नको," एग्बर्ट म्हणाला. "मग उतरावंसं वाटणार नाही."

गाडी जहाजावर चढवायच्या आदल्या दिवशी आयसिल्डाने गॅरेजमध्ये हातोडी आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. एग्बर्टने ती तशीच तिच्यापुढे धरली.

"धडधाकट गाडीला मी हातोडी मारू?"

"मग बाजूला हो."

बत्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून सुया टोचणारा हात तिचा. डोळा न लवता तिने दारावर दोन पोचे पाडले, किल्लीने एक लांब ओरखडा ओढला आणि चाकाची एक चकती उपटून कचऱ्यात टाकली. एग्बर्ट भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला हुंदका आला असावा, पण त्याने खोकल्यासारखं केलं.

लेनवर्थचं म्हणणं खरं ठरलं. जमैकात पोचल्यावर सहा आठवडे गाडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मँडेव्हिलच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत एका कच्च्या वाटेच्या टोकाला त्यांचं घर होतं. त्या वाटेवर दुसरं घर नव्हतं. व्हरांड्याला लोखंडी जाळी, खिडक्यांना जाळी, फाटकाला कुलूप. गाडी धुवायची नाही असा आयसिल्डाचा हुकूम होता. तिकडच्या लाल मातीने पंधरा दिवसांत ती अशी माखली की मूळ रंग कुठला, ते पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. आयसिल्डाला झोप लागू लागली. तिने व्हरांड्यात जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या.

एग्बर्ट मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. गिनेप हिल तिथून गाडीने तासाभरावर. तो एकदाही गेला नाही. बाजारात सामान घ्यायचं, कुणाशी दोन शब्द बोलायचे नाहीत, घरी यायचं. सगळ्यात त्याला छळायचे ते रस्त्याच्या कडेचे हात. टॅक्सीसारखी गाडी, त्यामुळे लोक ती थांबवायला हात करायचे. शाळेची पोरं, टोपल्या घेतलेल्या बायका, काठी टेकत चालणारे म्हातारे. टॅक्सीची लाल पाटी नाही हे कुणी बघत नसे, कारण बिनपाटीच्या चोरट्या टॅक्स्याही रग्गड. त्या हातांसमोरून गाडी पुढे न्यायची म्हणजे एग्बर्टच्या अंगावर काटा यायचा. एकतीस वर्षांत थांब्यावरचं माणूस त्याने मागे सोडलं नव्हतं.

"तू आता ड्रायव्हर नाहीस," आयसिल्डा बजावायची.

"मग कोण आहे मी?" तो विचारायचा.

त्या गुरुवारी दुपारी ती दोघं बाजारातून परतत होती. मागच्या सीटवर सुरणाचे तुकडे आणि कच्च्या केळ्यांचा घड. ऊन मी म्हणत होतं. चढाच्या पायथ्याशी एक माणूस उभा होता. त्याने हात केला, तोही कसा, तर दोन बोटं जेमतेम उचलून, जणू गाडी त्याच्यासाठीच येत होती. एग्बर्टने सिग्नल दिला, गाडी कडेला अलगद लावली, हँडब्रेक ओढला. आपण काय केलं ते त्याला हँडब्रेकचा आवाज ऐकल्यावर कळलं.

"फेसी!" आयसिल्डा म्हणाली. तोवर मागचं दार उघडलं होतं.

"देव भलं करो, डॅडी. मदर, नमस्कार." माणसाने केळी सरकवली आणि दार ओढून घेतलं. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, पायात स्वच्छ बूट. हातात काहीही नव्हतं. बाजाराच्या दिवशी रिकाम्या हाताने कोण हिंडतं, असं आयसिल्डाच्या मनात आलं.

"कुठं सोडू?" एग्बर्टने विचारलं.

"वरच्या अंगाला. तुम्ही चला, मी सांगतो."

एग्बर्टने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग मागून मोकळं हसू आलं.

"इंग्लंडची मंडळी दिसता."

"किंग्स्टन," एग्बर्टने पाठ केलेलं उत्तर दिलं.

"किंग्स्टनचा गडी उन्हातल्या माणसासाठी थांबतो होय? तेही सिग्नल देऊन? हँडब्रेक लावून?" तो माणूस मांडीवर थाप मारून हसला. "मला काय कालचं पोर समजता, डॅडी?"

एग्बर्टलाही हसू आलं. सहा आठवड्यांत त्याच्याशी कुणी चेष्टा केली नव्हती. आयसिल्डाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"पण एक बोलू का? राग नका मानू," माणूस पुढे झुकला. त्याची कोपरं दोघांच्या सीटच्या मधे आली. "इंग्लंडहून येणारे मी पाहिलेत. एकेकाची गाडी अशी, की तिच्यात बघून भांग पाडावा. आणि तुमची ही. दाराला पोचे, चाकाची चकती गायब. माझा मेव्हणा बोकड बाजारात नेतो ना, त्याची गाडी बरी."

"चालते की नाही?" आयसिल्डा म्हणाली.

"चालते, मदर, चालते. मी नावं नाही ठेवत. सगळ्यांचंच नशीब उघडतं असं थोडंच आहे? काहींचं सगळं आयुष्य त्या थंडीत जातं आणि हाती लागतो असा खटारा. वाईट वाटतं, इतकंच."

एग्बर्टची मान ताठ झाली. आयसिल्डाला ती मान ओळखीची होती. तिने त्याच्या गुडघ्यात नखं रुतवली.

"परवडत नव्हतं म्हणून ही आणली असं नाही," एग्बर्ट म्हणाला.

"नाही हो, मी कुठं तसं..."

"एकतीस वर्षं बस चालवलीय मी. एक खाडा नाही. हिची बत्तीस वर्षं इस्पितळात. हिरवी गाडी बघून ठेवली होती, आत नुसतं कातडं. आजही मनात आणलं तर..."

"फेसी."

"मनात आणलं तर एक सोडून दोन आणीन!"

गाडी चढ चढत होती. केळ्यांचा घड सीटवर इकडून तिकडे घरंगळला आणि त्या माणसाने तो हाताने धरून थांबवला.

"दोन," तो शेवटी म्हणाला. आवाजातली चेष्टा गेली होती. "हे बरं सांगितलंत, डॅडी. माणसानं कष्ट केलेत तर सांगावं की. लपवायचं कशाला?"

"तेच मी हिला म्हणतो," एग्बर्ट म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, खांदे मागे गेले होते. बर्मिंगहॅम सोडल्यापासून तो असा बसलेला आयसिल्डाने पाहिला नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. या एका वाक्यासाठी हा माणूस इतके दिवस उपाशी होता.

पुढचं वळण येण्याआधी मागून सीटवर हलकीच थाप पडली.

"बस्स, इथंच. तुमचा फाटा आला."

एग्बर्टने गाडी थांबवली. माणूस उतरला, दार हळूच लावलं, टपावर दोनदा हात थोपटला. "सांभाळून, डॅडी. मदर, येतो." तो पुढेही गेला नाही आणि मागेही. रस्त्याच्या कडेला सावली बघून उभा राहिला.

वळण घेऊन एग्बर्ट फाट्यावरून आत शिरला. तो तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता.

"भला माणूस. नाव विचारायला हवं होतं."

"फेसी, आपण इथं वळतो हे तू त्याला सांगितलंस?"

"सिग्नल बघितला असेल त्यानं."

"सिग्नल दिला नव्हतास. तिथून फाटा दिसतच नाही."

एग्बर्टचं गुणगुणणं थांबलं. कच्च्या वाटेवर चाकांखाली दगड करकरत होते. दोन्ही बाजूंना उंच गवत, समोर घर. पडदे सकाळी ओढले होते तसेच, फाटकाला कुलूप तसंच. त्याने गाडी फाटकासमोर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. आयसिल्डाने पर्समधून किल्ली काढून मुठीत धरली. रोज कुलूप काढायला तोच उतरत असे.

गवत एका बाजूला हललं. वारा असेल.

"दे," एग्बर्ट म्हणाला, पण त्याने हात पुढे केला नाही. तिनेही मूठ उघडली नाही.