तांब्याच्या कड्याचा पिकअप

टेकडीच्या पायथ्याशी एवढी गर्दी होती की मला वाटलं, अपघात झालाय. तसा तो झालाच, पण माझ्या अकलेचा, आणि त्याला अजून थोडा अवकाश होता.

मैदानात एक तंबू होता. मरतुकड्या टू-स्ट्रोक मोटरसायकली ढकलत आत नेल्या जात आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मातीचा उभा चढ गुरगुरत चढत. वर पोचल्या की टाळ्या. तंबूच्या दारात इंजिनगुरू उभे. अंगात पांढराशुभ्र ओव्हरऑल, त्यावर तेलाचा एक डाग नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

"इंजिन म्हातारं होत नाही, मंडळी, उदास होतं! हे तांब्याचं कडं सायलेन्सरच्या नळीला बसलं की पेट्रोलचे रेणू शिस्तीत रांगेत उभे राहतात. पिकअप वाढतो, धूर जातो. पथ्य एकच. यापुढे पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही. तेल म्हणजे अविश्वास!"

"तंबूत कुणी का यायचं नाही?" एकाने विचारलं.

"इंजिन लाजतं."

कुणी हसलं नाही. मी तरी हसायचं! मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि 'चमत्कार आणि चलाखी' यावर व्याख्यानं झोडतो. गुरू मंत्र म्हणाले असते तर त्यांची धडगत नव्हती. पण ते 'रेणू' म्हणाले आणि मी विरघळलो. उलट शेजारच्या दोघांना तांब्याची उष्णतावाहकता मीच समजावून सांगितली.

मला घाईही होती. मी घेऊन आलो होतो ती टू-स्ट्रोक मोटरसायकल वडिलांची. तरुणपणी याच चढावर त्यांनी शर्यती जिंकलेल्या. आता गुडघे गेले, किक मारवत नाही. "एकदा मागे बसवून वर ने रे," एवढंच त्यांचं मागणं. पण दोघं बसलो की गाडी दुसऱ्या वळणावर मान टाकायची आणि त्यांना हाताला धरून उतरवावं लागायचं. तेव्हा ते माझ्याकडे बघत नसत. मला फार वाईट वाटायचं.

माझी गाडीही तंबूत गेली, कडं बसलं, बाहेर येऊन ती एका दमात वर गेली, टाळ्या मलाही मिळाल्या. घरी परतताना सपाट रस्त्यावर इंजिन नुसतंच किंचाळत होतं आणि पोस्टमनची मोपेड मला मागे टाकून गेली. रेणूंना रांग लावायला वेळ लागत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी टाकी रिकामी करून बिनतेलाचं कोरं पेट्रोल भरलं. वडील हेल्मेट घालून केव्हाचे पायरीवर बसले होते. मी किक मारली.

"बघा, धुराचा मागमूस नाही!"

माझी बायको भूलतज्ज्ञ. बाहेर ती लोकांना बेशुद्ध करते, घरी मला शुद्धीवर आणते. "तेल घातलंस का?" तिने विचारलं.

"तेच तर पथ्य आहे."

वडिलांनी हेल्मेट काढलं. "बंद कर आधी! अरे, याच्या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. चढावर पिस्टन अडकला की मागचं चाकही अडकणार. कुठे जाऊन पडू आपण?"

"पण कडं—"

"काढून बघू," बायको म्हणाली.

"पिकअप गेला तर?"

"गेला तर कळेल तरी, की तो कड्याचा होता."

हे वाक्य माझ्याच व्याख्यानात आहे. लोक त्यावर टाळ्या वाजवतात.

तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं, कडं काढलं, तिघं पायथ्याशी आलो. तंबूपुढे आजही तीच गर्दी होती. मी एकट्यानेच चढून पाहिलं. गाडी कालच्यासारखीच झक्क चढली. खाली आलो तेव्हा बायको विचारात होती.

"चढावर जोर आला आणि सपाटीला मोपेड पुढे गेली. म्हणजे जोर नवा आलाच नाही, इकडचा तिकडे गेला. बाबा, असं कशाने होतं?"

वडील वाकले. गाडीभर चिखल होता, पण पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या झाकणाचे बोल्ट लख्ख होते. झाकण काढून त्यांनी दाते मोजले. "बारा. मी तेराचं बसवलं होतं!"

सायकलचा हलका गिअर टाकला की चढ सोपा जातो, पण वेग मिळत नाही. पुढच्या चाकाचे दाते कमी केले की तेच होतं. शाळेतलं पोरही सांगेल. मला सुचलं नाही, कारण मी शिकवतो.

वडिलांनी हे गर्दीला ओरडून सांगितलं. गुरू गरजले, "श्रद्धा कमी पडली!"

"मग तंबू उघडा," बायको म्हणाली आणि तिनेच पडदा सारला. आत पाना घेतलेला मेकॅनिक आणि जुन्या स्प्रॉकेटांचा ढीग. इंजिन काही लाजलं नाही, मेकॅनिक मात्र लाजला. तेवढ्यात एकजण इंजिन जाम झालेली मोटरसायकल ढकलत आला. तेल बंद करून त्याला दोन दिवस झाले होते. तो पडला नव्हता, एवढंच नशीब.

कालच्याच लोकांसमोर मी उभा राहिलो. "मंडळी, काल मी तुम्हाला मोठं शास्त्र सांगितलं. ते विसरा. कडं काढा आणि पुन्हा चढवून बघा. जो काढू देत नाही, पडदा उघडू देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो 'रेणू' म्हणाला तर मुळीच नको."

मग वडील मागे बसले. बारा दात्यांचंच चाक ठेवलं, चढाला ते बरंच होतं. दुसरं वळण आलं. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. गाडीने मान टाकली नाही.

माथ्यावर ते स्वतःच उतरले आणि पहिल्यांदा सायलेन्सरकडे पाहिलं. तेलाचा निळसर धूर निघत होता.

"आहे ना धूर?" खोकत ते म्हणाले, "मग उद्याही येऊ."