गाभुळलेली चिंच

अनवरीनं ओढणीआडून हात घातला आणि डाव्या जबड्याखाली बोटं दाबली. काही नाही. सपाट! काल संध्याकाळी इथंच अक्रोडाएवढी गाठ टरारली होती, गिळताना डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि आज, डॉक्टरांना दाखवायच्या दिवशी, मेली नेमकी गायब.

कान-नाक-घशाची ओपीडी बुधवारची. अनवरीचा हा तिसरा बुधवार. पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंनी मान चाचपून रक्त तपासायला लावलं, सगळं ठीक निघालं. दुसऱ्यांदा तिनं मुलाच्या, गुफरानच्या मोबाईलमधला फोटो दाखवला. बाई म्हणाल्या, "यात ओढणीच जास्त दिसतेय." बाहेर बसलेल्या दोघीजणी हसल्या. अनवरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी तरी कोण विश्वास ठेवतंय? नवरा, चांदसाब, टेम्पो लावून घरी यायचा, तिच्या गळ्याकडं बघायचा आणि मान हलवायचा.

"शाम को सूजता, सुबू को उतरता. ये कैसा बीमारी?"

शेजारीण म्हणाली, नजर. कुणी पाणी फुंकून दिलं. अनवरी तेही प्यायली. पण रात्री पाठ टेकली की तिला तिची अम्मी दिसायची. अम्मीच्याही गळ्याला अशीच गाठ आली होती. सहा महिने अम्मी ओढणी ओढून घ्यायची आणि म्हणायची, दुखत नाही गं, कशाला उगाच. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी नुसते कागद परत दिले होते. अनवरीला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपलंही तेच आहे का. असेल तर असो. पण ईदच्या आत कळू दे.

तिच्या हातात सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी होती. आत सव्वीस चालू होता. दाराशी कमलम्मा आयाबाई स्टूल टाकून बसली होती. ती चिठ्ठी बघायची आणि आत सोडायची, माणसाच्या तोंडाकडं बघायला तिला सवड नव्हती.

बाकावर शेजारी एक म्हातारी टेकली. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळलेला. बसल्या बसल्या तिनं गावाचं नाव, स्वतःचं नाव आणि सुनेचा स्वभाव सांगून टाकला. नाव मल्लव्वा, राहणार अक्कलकोटजवळ. सुनेविषयी न बोललेलंच बरं.

मल्लव्वानं पिशवीतनं कागदाची पुडी काढली. आत गाभुळलेल्या चिंचा, वर मीठ-तिखट.

"घे की पोरी. आमच्या झाडाची हाय."

"नको अक्का."

"का गं? लई ग्वाड हाय. आंबट-ग्वाड."

"रोजा आहे."

"रोजा व्हय! मग ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हणत मल्लव्वानं पुडी दुसऱ्या बाजूला धरली. पण चिंच काही थांबली नाही. तिनं टरफल सोललं, गर मिठात बुडवला आणि जीभ टाळ्याला लावून अशी काही मिटकी मारली, की समोरच्या बाकावरचा बाप्याही बघायला लागला.

अनवरीनं मान फिरवली. पण वास कुठं फिरवणार? पहाटेपासून कोरडं पडलेलं तोंड एकदम भरून आलं. तिनं गिळलं. पुन्हा भरलं. मग जबड्याखाली कळ उठली. ओळखीची, रोज संध्याकाळी मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात टाकला, की उठायची ती. तिनं हात लावला. गाठ बोटांखाली वर येत होती.

"अय्यय्यो!" मल्लव्वानं तिची ओढणी बाजूला केली. "आत्ता तर काय नव्हतं की हितं!"

"हीच ती अक्का! हीच!" अनवरीचा आवाज फुटला. "आत जाईपर्यंत उतरेल बघा, आजपण उतरेल!"

मल्लव्वानं तिच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली आणि स्वतःची कोंबली. एकतीस. कमलम्मा त्याच वेळी ओरडली, "एकतीस!"

"जा! पळ!"

आत डॉक्टर भुवनेश्वरी लिहीत होत्या. अनवरी मान वर करून उभी राहिली. बाईंनी पेन ठेवलं. हातमोजा चढवून एक बोट तिच्या जिभेखाली घातलं, दुसऱ्या हातानं बाहेरून दाबलं. अनवरी कळवळली.

"आज काय खाल्लंत?"

"काही नाही. रोजा आहे."

"मागच्या दोन्ही वेळी?"

"तेव्हापण होता."

"आणि सूज रोज संध्याकाळी? रोजा सोडताना?" बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "पहाटे खाता तेव्हा?"

"चार घास दूध-शेवया ढकलते आणि आडवी होते. आरशात बघायला कोण जातंय?"

"अहो, मग रोजा असतो हे सांगायचं नाही का?"

"रोजा काय कुणाला सांगून धरतात का, बाई?"

डॉक्टरीणबाई हसल्या, मग कपाळाला हात लावला. "मी विचारायला हवं होतं. लाळेच्या नळीत खडा अडकलेला लागतोय बोटाला. खाताना, नुसता वास आला तरी, लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, म्हणून फुगतं. सोनोग्राफीत खात्री होईल. पण तुम्ही जे मनात धरून बसलायत ना, तसलं काही मला वाटत नाही."

अनवरी पळतच बाहेर आली. जीव भांड्यात पडला होता. तिला मल्लव्वाच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. मल्लव्वा मात्र पिशवी काखोटीला मारून उभी होती.

"खडा आहे म्हणाल्या, अक्का! नुसता खडा!"

"बरं झालं माझे बाई. जाती आता, सव्वाबाराची गाडी हाय."

"आणि तुमचा नंबर? सत्तेचाळीस यायचाय अजून."

"बगू की फुडल्या बुधवारी. माजं काय, दुखत न्हाय, खुपत न्हाय."

अनवरीचं हसू विरलं. तिनं गळ्याभोवतीच्या पदराकडं पाहिलं. मघाशी चिंच खातानाही तो जरासुद्धा सैल झाला नव्हता.

"अक्का, मागच्या बुधवारी आला होता?"

"आल्ती की. एक लेकुरवाळी हुती, पोरगं रडत हुतं. तिला दिला नंबर."

"त्याच्या आधी?"

मल्लव्वा बोटांना चिकटलेलं मीठ पुसत राहिली.

अनवरीनं हळूच तिच्या पदरात बोट घातलं. मल्लव्वानं अडवलं नाही. कानाखाली सुपारीएवढी गाठ होती, दगडासारखी टणक, जागची न हलणारी.

"ही कधी उतरते?"

"उतरत न्हाई. दिवाळीपास्नं हाय तशीच हाय." मग मल्लव्वा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला भ्या वाटतंय गं पोरी."

अनवरीनं तिच्या काखेतली पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. मल्लव्वाचं मनगट धरलं आणि सरळ दाराशी गेली.

"नंबर?" कमलम्मानं मान वर न करता विचारलं.

"एकतीस."

"एकतीस झाला की मघाशी!"

"झाला नाही," अनवरी म्हणाली. "तो ह्यांचा होता."

मल्लव्वाचा हात घामानं निसटत होता. अनवरीनं तो आणखी घट्ट धरला आणि दार ढकललं.