पांढऱ्याची पारख

सकाळचा उजेड उंबऱ्यावरून आत सरकू लागला आणि त्यात कुठूनतरी ओल्या शाडूचा गारसर वास मिसळला, की मला चांगुणाआत्या दिसते. दाराशी पाटावर बसलेली, मांडीतल्या मूर्तीचं तोंड उजेडाकडे वळवून स्वतः किंचित बाजूला सरकलेली, म्हणजे आपली सावली त्या मातीच्या मुखावर पडू नये. डावा तळवा मुकुटामागे आधाराला, उजव्या हातात चार केसांचा कुंचला, आणि श्वास रोखलेला. तो श्वास सुटेपर्यंत कारखान्यात कोणी शिंकायचंसुद्धा नाही, असा तिचा दरारा होता. मग एक लांब उसासा ऐकू यायचा, आणि समोर एक डोळा उघडलेला असायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर धरमतरच्या खाडीकडचं, बाप मिठागरात राबणारा. लग्न होऊन ती हमरापूरला मूर्तिकारांच्या घरात आली, आणि नवरा तरणाताठा गेला तेव्हा त्याचा कुंचला हिनं उचलला. तेव्हापासून अखेरपर्यंत तिनं गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली, दुसरं काही नाही. सोंड, कान, पितांबर ही कामं इतरांनी करावीत. त्यांच्याकडे ती फारशा आदरानं बघतही नसे. पांढरा रंग तिला मिठानं शिकवला होता. नव्या मिठाची झळाळती शुभ्रता, पावसाळा सोसलेल्या राशीचा करडेपणा, संध्याकाळच्या उन्हात खाडीकाठी मिठावर चढणारी गुलाबी झाक, हे सारं पाहत वाढलेल्या त्या नजरेला, आपण सरसकट ज्याला पांढरं म्हणतो त्याच्या इतक्या छटा ठाऊक होत्या की एकेका मूर्तीच्या डोळ्यासाठी ती तीनतीनदा रंग कालवायची. आणि हे काम दिवसाउजेडीच. दिवा लावून डोळे काढणाऱ्यांची ती मनसोक्त टिंगल करी. "बल्ब पिवळा," ती म्हणायची, "त्याच्याखाली पिवळं पण पांढरंच दिसतं गो."

माणसांकडेही ती याच नजरेनं बघायची, आणि म्हणून लग्नाकार्यात लोक तिला जरा टाळायचे. नावं तिच्या ध्यानात राहत नसत, डोळे मात्र राहत. एका साखरपुड्यात तिनं नवऱ्यामुलाला भर मांडवात न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरगा ग्वाड हाय, पन डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक हाय, तो मी जरा मोठा केला असता." लोक हसले, मुलाची आई पुढे दोन वर्षं बोलली नाही. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या लेखी तिनं मुलाचं कौतुकच केलं होतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण आत्याचं जे देणं मी आयुष्यभर बाळगून आहे ते आईच्या चेहऱ्यावरूनच माझ्यापर्यंत पोचलेलं आहे. माझ्या जन्मानंतर काही महिन्यांत आई मनानं आजारी पडली. तिला एका पुरुषाचा आवाज ऐकू यायचा. घरात त्याला आम्ही नुसतं 'तो' म्हणायचो, आणि तो इतका सवयीचा झाला होता की जेवताना मी आईला विचारायची, "आज काय म्हणतोय तो?" आम्ही रोह्याला राहायचो. बाबा कंपनीत होते, त्यांच्या शिफ्ट सारख्या बदलत. गोळ्यांनी आई बरीचशी सावरलेली असायची, भात लावायची, माझे केस विंचरायची. आणि मग एखादा ऋतू असा यायचा की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. लोक आपल्याला बघतात, या भयानं तिनं त्या खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली होती. तिथे दिवसभर एक पिवळा बल्ब जळत असायचा.

मी एकोणीस वर्षांची होते त्या आषाढात आई म्हणू लागली, "तो आता बरगडीखाली येऊन बसलाय. कुरतडतोय मला." तिनं जेवण सोडलं. कुशीवर वळली की ओरडायची, स्वतःच्याच अंगावर मुठी मारायची. अंग तापलेलं लागे, पण ती डोक्यावरून गोधडी घेऊन बसायची, म्हणून तापलं असेल असं मी समजले. ती खोलीबाहेर येईना, म्हणून तिच्या डॉक्टरांकडे मी एकटीच गेले होते. त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" मी म्हटलं, "नाही, नेहमीचंच आहे. 'तो' वाढलाय." त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. 'पोट दुखतंय' हे दोन साधे शब्द आईनं उच्चारले असते तर मी धावाधाव केली असती. पण इतक्या वर्षांच्या आजारानं तिच्याजवळ जी भाषा शिल्लक ठेवली होती, तीच तिच्या दुखण्यानं वापरली, आणि ती भाषा ऐकून न ऐकल्यासारखी करायला आम्ही फार पूर्वीच शिकलो होतो. वाढीव गोळ्यांनी ती गुंगीत पडून राहू लागली. गुंगीतही कण्हायची.

बाबा थकले होते. त्यांनी ठरवलं, आता ठाण्याच्या मनोरुग्णालयात काही महिने ठेवायचं. बरोबर घरातली वडीलधारी बाई हवी म्हणून त्यांनी आत्याला निरोप धाडला. गणपती दीड महिन्यावर आले होते. हमरापूरच्या कारखान्यात ओळीनं मूर्ती रंगून तयार होत्या आणि साऱ्यांचे डोळे व्हायचे होते. कारखाना चालवणारा तिचा दीर फणफणला. आत्या कुंचले धुऊन, फडक्यात बांधून, संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला आली. नखांत रंग तसाच होता.

सकाळी नवाला जीप यायची होती. मी आईची पिशवी भरत होते. आत्या म्हणाली, "वेणी घातल्याबिगर नेशील का गो तिला? फणी आण." आतल्या खोलीत जाऊन तिनं फणी हातात घेतली, क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि उठलीच. "हितं काय दिसत नाय. उंबऱ्यात चल, शेवंते."

बारा दिवसांत आई त्या खोलीबाहेर आली नव्हती. ती भिंतीला चिकटली. मी म्हटलं, राहू दे आत्या, उगाच आरडाओरडा होईल. आत्यानं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती आईसमोर उकिडवी बसली आणि इतक्या हळू बोलली की तो तिचा आवाज आहे हे मला पटेना. "मी बसते ना दारात आडवी. माझ्याआडून कोन बघतंय तुला?" आईनं बराच वेळ विचार केला. मग तिनं हात पुढे केला.

आषाढातल्या त्या सकाळी पाऊस थांबलेला होता आणि ढगांतून गाळून आलेला तो समंजस, बिनसावलीचा उजेड सगळीकडे सारखा पसरला होता. आत्या अंगणाकडे पाठ करून बसली, किंचित बाजूला सरकली. आईच्या जटा सोडवल्या, तेल लावलं, भांग पाडला. मग भांग सरळ आहे का बघायला तिनं डावा तळवा आईच्या डोक्यामागे धरला आणि तिचं तोंड उजेडाकडे उचललं. मी पिशवीची चेन लावत होते. आत्याचा श्वास रोखलेला मला ऐकू आला. तो सुटायची मी वाट बघितली. तो सुटलाच नाही.

"पांढरं नाय हे," आत्या म्हणाली.

तिनं अंगठ्यानं आईची खालची पापणी ओढली. "हिकडं ये बाय. बघ." मी वाकून बघितलं. आईच्या डोळ्यांत हळदीचं पाणी उतरलेलं होतं. बारा दिवस मी या डोळ्यांसमोर ताट धरत होते, गोळ्या धरत होते, आणि मला काहीही दिसलं नव्हतं. मग आत्यानं आईला विचारलं, माझ्याकडे न बघता, "कुठं कुरतडतो गो तो? बोट लाव." आईनं निमूटपणे उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. तो काय म्हणतो, हे आम्ही तिला शंभरदा विचारलं होतं. कुठं दुखतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

बाबा दारात आले. "आक्का, तिच्या बोलण्यावर काय जातेस?"

"बोलन्यावर नाय जात. डोळ्यांवर जाते," आत्या म्हणाली. "डोकं आजारी हाय म्हनून पोट आजारी पडायचं नाय, असं कुठं हाय रे?"

जीप आली. रस्ता तोच ठाण्याचा होता, नागोठणे, कासू, पेण. फक्त पेणच्या पुढे ती गेली नाही. वाटभर आईचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं आणि आत्याचा तळवा डोक्याखाली. बाहेर नुकती लावणी झालेली खाचरं हिरवीगार होऊन मागे पळत होती, आणि मी मनातल्या मनात देवाशी घासाघीस करत होते. आत्याच्या दिराचं कधीतरी ऑपरेशन केलेले एक सर्जन पेणला होते. त्यांनी आईला उताणं झोपवून बरगडीखाली हात दाबला तेव्हा ती अशी किंचाळली की मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. पित्ताशयातला खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता, आत पू झाला होता. "अजून दोन दिवस गेले असते तर," ते म्हणाले, आणि वाक्य अर्धवट सोडून हात धुवायला गेले.

ऑपरेशन झालं. आई वाचली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कावीळ आधी कुणाच्या लक्षात आली? मी आत्याकडे बोट दाखवलं. ती बाकावर बसून नखांतला वाळलेला रंग टाचणीनं काढत होती. डॉक्टर तिला म्हणाले, "अशी माणसं आमच्याकडे नेहमी उशिरा येतात, मावशी. घरचे विश्वास ठेवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही पुष्कळदा ठेवत नाही. सगळं डोक्यावर ढकलून मोकळे होतो." आत्यानं मान हलवली आणि त्यांना विचारलं की तुम्ही रातची झोपता की नाय, डोळे लाल दिसतात.

मी तिच्याकडून बोलणी खायची वाट बघत होते. साखरपुड्यात नवऱ्यामुलाला न सोडणारी ही बाई मला का सोडेल? शेवटी न राहवून मीच वॉर्डबाहेरच्या जिन्यात रडत तिला सांगितलं, की डॉक्टरांनी विचारलं होतं आत्या, आणि मीच 'नेहमीचंच' म्हटलं. तिनं मला पायरीवर बसवलं. मग पदरानं माझं नाक पुसून म्हणाली, "तू बल्बाखाली बघितलंस. मी उजेडात बघितलं. येवढाच फरक हाय, बाय." त्या एका वाक्यानं तिनं मला माझ्या आईकडे पुन्हा जाता येईल असं केलं. आईचा जीव वाचवल्याबद्दल मी तिची ऋणी आहेच. पण मनातलं सांगायचं तर त्या जिन्यातल्या वाक्याबद्दल अधिक आहे.

शुद्धीवर आल्यावर आईनं सांगितलं, बरगडीखालचा गेला. कानातला मात्र राहिला. "ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली, "त्याची आपली वळख हाय." तापाबरोबर वाढलेली भीतीही हळूहळू उतरली. रोह्याच्या डॉक्टरांना मी सगळं नीट सांगितलं, त्यांनी वाढवलेल्या गोळ्या पुन्हा कमी केल्या. खिडकीवरची वर्तमानपत्रं आईनं स्वतःच एका दुपारी ओली करून सोलून काढली. आणि आत्या हमरापूरला परतली तेव्हा दिरानं विचारलं म्हणे, एवढे गणपती बिनडोळ्यांचे टाकून गेलीस? त्यावर हिचं उत्तर असं, की यांचं डोळं मागनं काढता येतात, तिचं मिटलं असतं तर कोन काढनार व्हतं? त्या साली तिनं पहाट फुटल्यापासून उजेड असेतोवर काम केलं. एकही मूर्ती मागे राहिली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली. सकाळी गोळ्यांआधी आई उंबऱ्यात येऊन बसते, मी तिला विचारते, आज कुठं दुखतंय, आणि बोट लावायला सांगते. आत्या आलेली असली की हे काम तिचं असायचं. ती डोक्यामागे तळवा धरून डोळे बघायची, श्वास सोडायची, "पांढरं हाय" म्हणायची, आणि मगच चहा प्यायची. आईला हे फार आवडे. जगातल्या साऱ्या नजरांना भिणारी ती बाई या एका नजरेपुढे निवांत बसायची.

आत्या गेल्या माघात गेली, वयानं, कोणालाही त्रास न देता. अखेरच्या वर्षांत तिला स्वतःला कमी दिसू लागलं होतं आणि कुंचला सुटला होता. मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा फोन आला. आईला कसं सांगावं कळेना. आता तिचे केस पिकलेत, आणि बातम्या तिच्यापर्यंत पोचतात की नाही हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मी तिच्याजवळ बसून सांगितलं. ती पदराच्या टोकाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. रात्री जेवली नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ती आधीच उंबऱ्यात होती. माघातलं स्वच्छ, थंड ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. डोळे सताड उघडे होते, मान किंचित मागे कललेली होती, कोणीतरी डोक्यामागे हात धरलाय आणि त्यावर आपण भार टाकलाय अशी. तिथे हात नव्हता. तिची मान त्या भारानं थरथरत होती.

"वन्सं नाहीत आता," ती म्हणाली. "तू बघ गो."

मी बाजूला सरकले, माझी सावली तिच्यावरून काढून घेतली आणि तळवा तिच्या डोक्यामागे धरला. मानेचा थरकाप थांबला. डोळ्यांच्या कडांना म्हातारपणाची करडी झाक होती, लाल रेषा होत्या, आणि तरी ते पांढरंच होतं. आपण श्वास रोखलाय हे मला तो सुटल्यावर कळलं.

माणूस गेल्यावर त्याची जागा रिकामी राहते म्हणतात. आत्याची जागा मला ठाऊक आहे, ती माझ्या आईच्या डोक्यामागच्या त्या वीतभर हवेत आहे, आणि रोज सकाळी उजेड आला की तिथे कोणाचा तरी तळवा लागतो.