मंजिरी

पुतळाबाई केजकरांची भजनं पप्पांनी चार वेळा विकत घेतली आहेत. भजनं तीच. आधी कॅसेट, मग सीडी, मग ‘सुधारित’ सीडी आणि या महिन्यात ग्रामोफोनची तबकडी. कंपनी दर वेळी एखादं अप्रकाशित भजन जोडते आणि पप्पांसारखे लोक पुन्हा घेतात. घेतात आणि चिडतात.

“मंजिरी खाल्ली बघ यांनी, मागचे ते बारीक टाळ,” तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा ते म्हणाले. “सीडीत निम्मी खाल्ली होती, आता सगळीच. आमच्या कॅसेटीत कशी खणखणीत होती!”

ती कॅसेट कपाटात असते. पप्पा, म्हणजे ज्योतीराम, अठ्ठावीस वर्षं भोसरीच्या एका पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते, शेवटची दहा तपासणीत. तिथे एक पास झालेला नग नमुना म्हणून जपून ठेवतात. नवा माल त्याच्याशी ताडायचा, पण नमुना वापरायचा नाही. कॅसेटही त्यांनी तशीच ठेवली होती. सीडी आल्यापासून वाजवलीच नव्हती.

मी फिजिक्स शिकले आणि चाकणला गाड्यांचे आवाज मोजते. त्यामुळे पप्पांनी चाहत्यांच्या ग्रुपवर परस्पर जाहीर केलं : ‘माझी मुलगी मोजून रिपोर्ट देणार. रविवारी टाकतो. मग कंपनीला जाब विचारू.’

शनिवारपासूनच ग्रुपवरच्या भिमाजीकाकांचे मेसेज सुरू झाले. “ज्योतीराव, रिपोर्ट आला का? का तुमची मंजिरी तुमच्याच डोक्यात वाजते?”

“उद्या याचं तोंड बंद करतो,” पप्पा म्हणाले.

रविवारी सकाळी मी पुनावळ्याच्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडला. चारही प्रतींतलं एकच भजन रेकॉर्ड करायचं ठरलं. नव्या तिन्ही झाल्या. शेवटी पप्पांनी कॅसेट स्वतःच्या हातानं घातली आणि कान पुढे केला.

पहिलं कडवं संपलं. पप्पांचा चेहरा पडला.

“यातलीपण गेली. टेप उतरली वाटतं.”

मला मंजिरी ऐकू येत होती. स्क्रीनवर, पुतळाबाईंच्या आवाजाच्या बरीच वर, दर ठेक्याला एक बारीक उभी रेघ उमटत होती.

पप्पांनी चष्मा लावला. “ही रेघ कसली?”

“मंजिरी.”

“आणि तबकडीत?”

मी बाकीचे तीन आलेख उघडले. आवाज थोडा कमीजास्त होता, पण रेघा सगळीकडे होत्या. प्रेसच्या दणक्यानं कानाचा नेमका हाच वरचा पट्टा आधी जातो, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. घरी कधी बोलले नव्हते.

पप्पांनी चारही आलेखांतल्या रेघा बोटानं मोजल्या.

“म्हणजे माल बरोबर आहे. मापायचं गेजच बाद झालंय.”

“पप्पा, ग्रुपवर नको टाकायला. मी सांगते, निकाल स्पष्ट आला नाही म्हणून.”

“खोटा रिपोर्ट? तू?” त्यांनी फोन घेतला, एकेक अक्षर दाबत लिहिलं आणि मला दाखवलं : ‘चारही प्रतींत मंजिरी आहे. तपासणाऱ्याचा कान सदोष. कंपनीला याबद्दल लिहू नये. एकेक भजन जोडून विकतात, त्याबद्दल जरूर लिहावं.’ आणि पाठवूनही दिलं.

फोन लगेच वाजला. त्यांनी पाहिला नाही.

“परत लाव. मंजिरी आली की बोट आपट. बघू तरी, कुठं कुठं आहे.”

मी कॅसेट मागे घेऊन सुरू केली. पहिल्या ठेक्याला माझं बोट टेबलावर पडायच्या आधी त्यांचं पडलं होतं. दुसऱ्यालाही.